कमी खर्चाचे स्ट्राइक इंडिकेटर: निवड, बांधणी आणि निगा

प्लॅटकाठ (डेन्व्हर, कोलोरॅडो)

गेली अकरा वर्षे मी साउथ प्लॅट नदीवर, मुख्यतः डेकर्स आणि त्याच्या वरच्या अंगाच्या चीझमन कॅन्यनमध्ये, फ्लाय फिशिंग, म्हणजे कृत्रिम किडा गळाला लावून मासेमारी, करतो. या काळात इंडिकेटरवर मी बराच पैसा घातला आणि शेवटी सर्वांत स्वस्त प्रकारावर स्थिरावलो. येथे वावरणारे काही मराठी सभासद नव्याने या छंदाकडे वळले असल्याचे दिसते. त्यांना उपयोग व्हावा आणि जाणकारांकडून माझ्याही चुका दुरुस्त व्हाव्यात, या हेतूने हा धागा काढत आहे.

ज्यांनी लहानपणी ओढ्याकाठी गळ टाकून पाण्यावरच्या बुचाकडे डोळे लावले आहेत, त्यांना इंडिकेटर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. ट्राउट आपले बहुतेक अन्न पाण्याखाली खातो. त्यामुळे किड्यांच्या पाण्यातील अवस्थेची नक्कल करणारा निंफ तळाजवळून वाहू द्यावा लागतो. मासा तो तोंडात घेतो आणि खोटा आहे हे कळताच क्षणात थुंकून टाकतो. हा क्षण हाताला जाणवत नाही, डोळ्यांनाच टिपावा लागतो, आणि त्यासाठी लीडरवर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेल्या पातळ दोऱ्यावर, तरंगणारी खूण बांधतात. मात्र गावाकडचे बूच आणि हा इंडिकेटर यांत एक मोठा फरक आहे. तळ्यातले बूच एका जागी उभे असते, तर इंडिकेटरला प्रवाहाबरोबर वाहायचे असते. त्याने खालच्या निंफला जराही ओढता कामा नये.

साउथ प्लॅटचा हा भाग १९०५ साली पूर्ण झालेल्या चीझमन धरणाच्या खाली येतो. धरणाच्या खोल थरातून सुटणारे पाणी उन्हाळ्यात थंड राहते आणि हिवाळ्यात सहसा गोठत नाही, म्हणून येथे जानेवारीतही मासेमारी चालते. पण हिवाळ्यात विसर्ग कमी, पाणी काचेसारखे स्वच्छ आणि मासे दोन-तीन फुटांच्या पाण्यात असतात. त्यांचे खाद्य म्हणजे मिज हे चिलटांसारखे बारीक किडे, म्हणून गळही २० ते २४ क्रमांकाचे, तांदळाच्या कणीएवढे लागतात. अशा पाण्यात मी पहिले दोन हिवाळे पाऊण इंच व्यासाचा पोकळ प्लास्टिकचा गोळा वापरला. तो पाण्यावर आपटला की पुढच्या दहा फुटांतले मासे बाजूला सरकताना स्पष्ट दिसत. दोष माशांचा नव्हता आणि निंफचाही नव्हता.

तेव्हा मी बसून हिशेब केला, आणि तो प्रत्येकाने एकदा करावा असे मला वाटते. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याचे घनफळ सुमारे १.०७ घन सेंटिमीटर भरते. तो पूर्ण बुडाला तर एक ग्रॅमहून थोडे अधिक पाणी बाजूला सारतो. पाऊण इंचाच्या गोळ्याचे घनफळ मात्र सुमारे ३.६ घन सेंटिमीटर भरते, कारण व्यास दीडपट झाला की घनफळ सव्वातीनपटीहून अधिक वाढते. आता खालचे वजन, म्हणजे निंफ तळाशी नेण्यासाठी लीडरवर लावलेले छर्रे, पाहू. ब्रिटिश मापाप्रमाणे ६ क्रमांकाचा छर्रा ०.१ ग्रॅमचा, ४ क्रमांकाचा ०.२ ग्रॅमचा आणि बीबी ०.४ ग्रॅमचा असतो. डेकर्सला हिवाळ्यात मी दोन बारीक निंफ आणि ६ क्रमांकाचे दोन छर्रे लावतो, म्हणजे एकूण वजन पाव ग्रॅमच्या आसपास जाते. प्रवाहाच्या ओढीसाठी दुप्पट क्षमता राखून ठेवली, तरी अर्ध्या ग्रॅमचा उचल पुरतो. मी त्याच्या सातपट उचल असलेला गोळा वापरत होतो. एवढा गोळा हलवायला माशाला जोर लावावा लागतो, तो आपल्याला कळेपर्यंत निंफ तोंडाबाहेर गेलेला असतो. म्हणून निवडीचा माझा पहिला निकष हाच आहे, की आपले वजन जेमतेम पेलणारा सर्वांत लहान इंडिकेटर घ्यावा.

आता प्रकारांविषयी. पोकळ गोळे दुकानात साधारण दोन-अडीच डॉलरला एक पडतात. मोठ्या, खळाळत्या पाण्यात, जड निंफ आणि दोन बीबी छर्रे लावायचे असतील तेव्हा ते उत्तम आहेत आणि मीही ते वापरतो. चिकटवायच्या फोमच्या टिकल्या स्वस्त दिसतात, पण एकदाच वापरता येतात, जागा बदलता येत नाही, लीडरवर चिकटा उरतो आणि सुटून गेल्या की नदीकाठच्या वाळुंजाच्या झुडपांत वर्षानुवर्षे अडकून राहतात. त्या मी कोणालाही सुचवणार नाही. मळून लावायचा पुट्टीसारखा इंडिकेटर हवा तेवढा लहान करता येतो ही त्याची जमेची बाजू आहे, पण थंडीत तो दगडासारखा होतो आणि लीडरवरून निसटतो.

माझा कल सुताच्या पुंजक्याकडे आहे. मॅक्रमेसाठी, म्हणजे दोरीच्या गाठींच्या विणकामासाठी, मिळणारी पॉलिप्रॉपिलीनची दोरी हस्तकलेच्या दुकानात चार-पाच डॉलरला मिळते आणि एक गुंडी कित्येक हंगाम पुरते. तिचा चार सेंटिमीटरचा तुकडा कापावा, पीळ पूर्ण उलगडावा आणि कुत्र्या-मांजरांच्या केसांसाठी असते तशा बारीक धातूच्या कंगव्याने तो इतका विंचरावा, की दोरीचे रूप जाऊन कापसासारखा पिंजलेला पुंजका हाती यावा. त्यातला काडेपेटीतील दोन काड्यांएवढ्या जाडीचा भाग डेकर्सच्या हिवाळ्याला पुरतो. लीडरवर बांधण्यासाठी मी सिलिकॉनच्या बारीक नळीचे तीन मिलिमीटरचे तुकडे वापरतो. सुईत दोरा ओवण्यासाठी पातळ तारेची जी ओवणी मिळते, तिने लीडरची दुमडलेली कडी नळीतून ओढून घ्यायची, कडीत पुंजका ठेवायचा आणि दोन्ही टोके ताणायची. गाठ नाही, लीडरला पीळ नाही आणि इंडिकेटर हवा तेव्हा वर-खाली सरकवता येतो. शेवटी कात्रीने पुंजका नीट गोल करावा; ही कात्री नदीवरही जवळ असावी, कारण मोठा पुंजका लहान करता येतो, लहान मोठा करता येत नाही.

निगेचा भाग मात्र दुर्लक्षित राहतो. पुंजका तरंगतो तो तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. ती हवा गेली की तो पाण्यावर राहील, पण वजन पेलणार नाही. म्हणून कोरड्या पुंजक्यालाच सिलिकॉनचा फ्लोटंट, म्हणजे पाणी दूर ठेवणारा लेप, लावावा, ओल्याला कधीही नाही, कारण ओल्यावर लावलेला फ्लोटंट आतले पाणी बाहेर पडू देत नाही. नदीवर पुंजका बसू लागला की तो रुमालात दाबून टिपावा, दोन-तीन वेळा हवेत झटकावा, कोरडी पांढरी फ्लोटंट पूड चोळावी आणि बोटांनी पुन्हा फुलवावा. घरी आल्यावर डबीतून बाहेर काढून रात्रभर उघडा ठेवावा. दाबून भरलेल्या डबीत ठेवलेले पुंजके चपटे होतात आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी निराशा करतात.

---

पहिलीगाठ (वूस्टर, मॅसॅच्युसेट्स)

आपला लेख दोनदा वाचला. मी याच वर्षी शिकायला सुरुवात केली असून क्वाबिन जलाशयाच्या खालच्या स्विफ्ट नदीवर जाते. विन्सर धरणापासून रूट ९ पर्यंतचा तो पट्टा केवळ फ्लाय फिशिंगसाठी राखीव आहे आणि तेथे पकडलेला प्रत्येक मासा सोडून द्यावा लागतो. पाणी इतके नितळ असते, की मासे दिसतात, निंफ त्यांच्याजवळून जातानाही दिसतो, पण इंडिकेटर हलत नाही. माझे दोन प्रश्न आहेत. इंडिकेटर निंफपासून किती अंतरावर बांधावा, आणि तो हलला नाही तरी मासा लागला आहे हे कसे ओळखावे?

आणखी एक अडचण आहे. आमच्या राज्यात २०१२ पासून अंतर्गत जलाशयांत आणि नद्यांत एक औंसापेक्षा कमी वजनाचे शिशाचे वजन वापरण्यास बंदी आहे, कारण लून पक्षी ते गिळून शिशाच्या विषबाधेने मरत होते. मी कथिलाचे छर्रे वापरते. ते आकाराने मोठे दिसतात. त्याचा इंडिकेटरच्या हिशेबावर परिणाम होतो का?

---

प्लॅटकाठ

अंतराविषयी प्रचलित नियम असा आहे, की पाण्याच्या खोलीच्या सव्वा ते दीडपट अंतरावर इंडिकेटर बांधावा. त्यामागचे कारण लक्षात ठेवले तर नियम पाठ करावा लागत नाही. पृष्ठभागाजवळचे पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहते, त्यामुळे इंडिकेटर पुढे जातो, निंफ मागे रेंगाळतो आणि लीडर तिरका होतो. तिरक्या रेषेला उभ्या रेषेपेक्षा जास्त लांबी लागते. प्रवाह जितका वेगवान, तितके अंतर वाढवावे. संथ डोहात ते खोलीएवढेही चालते. माझी कसोटी अशी आहे: आठ-दहा फेकींत एकदाही निंफ तळाला घासला नाही, तर तो उंचावरून जात आहे असे समजावे आणि इंडिकेटर अर्धा फूट वर सरकवावा. प्रत्येक फेकीत अडकू लागला तर खाली आणावा. माशांनी नकार दिला असे समजून निंफ बदलण्याआधी निदान तीन वेळा खोली बदलून पाहावी. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा चूक खोलीचीच निघते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पाण्यावरच्या बुडबुड्यांकडे पाहावे. निंफ तळाजवळ असेल तर इंडिकेटर शेजारच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित सावकाश वाहतो, कारण खालचे संथ पाणी त्याला धरून ठेवते. तो बुडबुड्यांच्या पुढे पळत असेल तर लाइन त्याला ओढत आहे, तेव्हा लाइन प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाकावी. आणि तो बुडण्याची वाट पाहू नये. क्षणभर थबकणे, अर्धा इंच बाजूला जाणे, एका अंगाला कलणे, हे सर्व संकेत आहेत. यासाठी मी पुंजका दोन रंगांचा करतो, अर्धा पिवळा आणि अर्धा पांढरा. तो फिरला किंवा कलला तर लगेच कळते. जेथे मासा स्वतः दिसतो, तेथे इंडिकेटर सोडून माशाच्या तोंडाकडे पाहावे. निंफ त्याच्याजवळ पोहोचल्यावर आत पांढरे चमकले, तर त्याने तोंड उघडले आहे.

कथिलाची घनता ७.३ आणि शिशाची ११.३ आहे, म्हणून त्याच वजनाचा कथिलाचा छर्रा सुमारे दीडपट जागा व्यापतो. इंडिकेटरच्या हिशेबात त्याने विशेष फरक पडत नाही, उलट पाण्यात कथिलाचे परिणामी वजन शिशापेक्षा थोडे कमीच भरते. फरक पडतो तो बुडण्याच्या वेगात. मोठा छर्रा सावकाश खाली जातो, म्हणून निंफ माशापर्यंत पोहोचताना तळाशी असावा यासाठी फेक आणखी तीन-चार फूट वर टाकावी. बंदी नसलेल्या राज्यांतही मी शिसे सोडून दिले आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही शिशाच्या साहित्याला मनाई आहे, आणि दोन प्रकारचे छर्रे सांभाळण्यात काही अर्थ नाही.

---

दक्षिणवारा (गोर, न्यूझीलंड)

लेख चांगला आहे. पण मेंढीच्या लोकरीचा उल्लेखही न करता पॉलिप्रॉपिलीन निवडल्याबद्दल माझा आदरपूर्वक मतभेद नोंदवतो.

मी मटौरा नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर जातो. येथील ब्राउन ट्राउट संख्येने कमी असलेल्या ठिकाणी आकाराने मोठे असतात आणि एकेका माशासाठी तासभर चालावे लागते. एक चुकीची फेक झाली की तो मासा त्या दिवसापुरता गेला. नळी आणि कडीची जी पद्धत आपण वर्णन केली, ती आमच्याकडे रूढ आहे आणि तिच्यात लोकरच घालतात. लोकरीचा पुंजका पाण्यावर उतरताना आवाज करत नाही. लोकरीतील मेण, म्हणजे लॅनोलिन, पाणी दूर ठेवते, म्हणून विकत घेताना धुऊन-रंगवून गुळगुळीत केलेली विणकामाची लोकर घेऊ नये. कातरल्यानंतर फार प्रक्रिया न झालेली, हाताला किंचित तेलकट लागणारी लोकर घ्यावी. शेतावरच्या कुंपणाच्या तारेला अडकलेली लोकरही मी वापरली आहे आणि तिचा खर्च शून्य आहे.

रंगाविषयी आपण थोडक्यात आवरले आहे. भडक नारिंगी रंग आपल्या डोळ्यांना बरा वाटतो, पण उथळ आणि निवळ पाण्यात मी पांढरा किंवा नैसर्गिक बदामी रंग वापरतो, कारण वाहत्या फेसाच्या ठिपक्यांत तो मिसळून जातो. संध्याकाळी पाणी चांदीसारखे चमकू लागले की सर्व भडक रंग नाहीसे होतात. तेव्हा काळी लोकर सर्वांत स्पष्ट दिसते. काळ्या मेंढीची चिमूटभर लोकर डबीत कायम ठेवावी.

आणि एक अत्यंत गंभीर सूचना. २००४ साली आमच्या दक्षिण बेटावर डिडिमो हे शेवाळ आढळले आणि तेव्हापासून एका नदीतून दुसऱ्या नदीत जाताना साहित्य तपासणे, धुणे आणि सुकवणे हा आमच्या शिस्तीचा भाग आहे. लोकर पाणी धरून ठेवते, म्हणजे ती असे सूक्ष्म जीवही धरून ठेवू शकते. नदी बदलताना पुंजका टाकून न देता खिशात जपून ठेवावा, घरी नेऊन धुवावा आणि पूर्ण वाळवावा. दुसऱ्या नदीवर नवा, कोरडा पुंजकाच बांधावा.

---

प्लॅटकाठ

काळ्या रंगाची सूचना मोलाची आहे. आमच्याकडे कॅन्यनमध्ये दुपारी तीननंतर तीच अडचण येते आणि मी आजवर रंग अधिकाधिक भडक करत राहिलो होतो. साहित्य वाळवण्याविषयीही पूर्ण सहमत आहे. कोलोरॅडोत न्यूझीलंडमधूनच आलेल्या चिखलगोगलगाईंचा उपद्रव आहे. नदी बदलणार असलो तर मी आदल्या रात्री पुंजके पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवतो, कारण गोठवल्याने त्या मरतात. सुताला त्याचा काही अपाय होत नाही.

---

टेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड)

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. दक्षिण इंग्लंडमधील चॉक स्ट्रीम, म्हणजे टेस्ट आणि इचेनसारख्या खडूच्या खडकातून झिरपलेल्या पाण्याच्या नद्या, यांच्या अनेक पट्ट्यांवर इंडिकेटर चालत नाही. येथे निंफ वापरावा की नाही यावरच १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये गाजलेली चर्चा झाली होती, त्यामुळे तरंगत्या खुणेविषयीचा संकोच समजण्यासारखा आहे. फिप्स-मूश या फ्लाय फिशिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांमध्येही लीडरवर असा तरंगता इंडिकेटर बांधता येत नाही. तेथील स्पर्धक लीडरचाच एक तुकडा रंगीत ठेवतात आणि लाइन ताणून त्या तुकड्याकडे पाहतात. माझ्या मते खर्चाचा प्रश्न असेल तर हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे: दोन रंगांच्या मोनोफिलामेंटचा दीड फूट, तोही वर्षभर पुरणारा.

---

प्लॅटकाठ

आपला मुद्दा मान्य आहे, आणि कमरेएवढ्या, खडकाळ, जवळच्या पाण्यात मीही रंगीत लीडरच वापरतो. पण ही पद्धत रॉडच्या टोकाखाली, फार तर वीस-पंचवीस फुटांपर्यंत चालते. डेकर्सला रुंद, संथ पट्ट्यांत माशाच्या इतक्या जवळ गेले तर तो पळतो, आणि चाळीस फुटांवर लाइन ताणून धरली तर तिच्या स्वतःच्या वजनानेच निंफ आपल्याकडे ओढला जातो. त्या अंतरावर काहीतरी तरंगते हवेच. जेथे नियमाने मनाई आहे, तेथे अर्थातच प्रश्न उरत नाही. परवाना घेतानाच त्या पट्ट्याचे नियम वाचून घ्यावेत.

---

तीर्थनवारी (पुणे)

परदेशातील नद्यांवर चाललेली चर्चा वाचून आपल्याकडच्या एका नदीविषयी लिहावेसे वाटले. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातील तीर्थन नदीवर मी दर वर्षी मे महिन्यात, बर्फाचे पाणी फार वाढण्याच्या आत, आठवडाभर जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तेथे ट्राउटचा बंदीकाळ असतो आणि इतर वेळी मत्स्य विभागाचा परवाना लागतो.

आमची अडचण निराळी आहे. इंडिकेटर, फ्लोटंट, सिलिकॉनची नळी यांपैकी काहीही बंजारच्या बाजारात मिळत नाही, आणि परदेशातून मागवले तर टपालखर्चच वस्तूपेक्षा जास्त होतो. म्हणून मी जुन्या हवाई चपलेच्या तळव्याचे इंडिकेटर करतो. ही कल्पना माझी नाही. कोकणात आमच्या आजोळी जाळ्याला चपलेच्या तळव्याचे तुकडे बुचासारखे बांधलेले मी लहानपणापासून पाहिले आहेत. त्या फोममधील हवेचे कप्पे बंद असतात, त्यामुळे तो पाणी पीत नाही आणि त्याला फ्लोटंटही लागत नाही. धारदार पात्याने आठ ते दहा मिलिमीटरचे चौकोनी तुकडे कापावेत, खरखरीत पॉलिश कागदावर घासून गोल करावेत, गरम सुईने मधोमध भोक पाडावे आणि लीडर ओवून त्या भोकात टूथपिकचे टोक हलकेच खोचावे. खोली बदलायची असेल तर टूथपिक काढून सरकवावे. रंगासाठी नेलपॉलिशचा एक थर पुरतो. नारिंगी आणि पांढरा असे दोन अर्धे रंगवले, तर वर सांगितलेला कलण्याचा संकेतही मिळतो.

तीर्थनचे पाणी मोठमोठ्या धोंड्यांमधून उसळत येते. तेथे फेक दहा-पंधरा फुटांची आणि वाहण्याचा काळ तीन-चार सेकंदांचा असतो. एवढ्या आवाजात फोमचा तुकडा पडल्याचे माशाला कळतही नाही. पुंजका मात्र त्या फेसात दोन फेकींत भिजून बसतो. म्हणून माझे म्हणणे असे, की संथ पाण्याला सूत आणि खवळलेल्या पाण्याला फोम असा सरळ विचार करावा.

एक सावधगिरी सांगतो. टूथपिक पाण्याने फुगते आणि जोराने खोचली असेल तर लीडर चिमटला जाऊन तेथेच तुटतो. माझे दोन चांगले मासे असे गेले. आता मी दर तासाला टूथपिक सैल करून इंडिकेटर इंचभर सरकवतो आणि चिमटलेल्या जागेवरून नख फिरवून पाहतो. खरखरीत लागले तर तो भाग कापून पुन्हा गाठ मारतो.

---

पहिलीगाठ

चपलेच्या फोमची कृती घरी करून पाहिली आणि ती जमली. एक शंका आहे: मागच्या आठवड्यात डास फार होते म्हणून हाताला मलम लावले होते, आणि घरी आल्यावर पोकळ प्लास्टिकचा गोळा चिकट आणि अंधुक झालेला दिसला. दोन्हींचा संबंध असावा का?

---

प्लॅटकाठ

मलमात डीईईटी हे डास पळवणारे रसायन असेल तर नक्कीच आहे. ते अनेक प्रकारचे प्लास्टिक विरघळवते, फ्लाय लाइनचे आवरणही खराब करते. मलम हाताच्या पाठीला लावावे, तळवे आणि बोटे साबणाने धुवावीत, आणि मगच साहित्याला हात लावावा. तो गोळा पाण्याच्या पेल्यात दाबून धरून पाहावा. बुडबुडे आले तर त्याला चीर गेली आहे, आणि आत पाणी शिरलेला गोळा अर्धवट तरंगून फसवतो.

---

मागवाला (इचलकरंजी)

मी मासेमारी करत नाही. माझे आयुष्य सूत आणि मागांत गेले. धाग्यात तंतूंविषयी चर्चा आहे आणि त्यात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे असे वाटले, म्हणून लिहितो.

पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१, नायलॉनची १.१४, ॲक्रिलिकची १.१७, लोकरीची १.३१ आणि पॉलिएस्टरची १.३८ आहे. यांत पाण्यापेक्षा हलका तंतू एकच आहे. दुकानात 'मॅक्रमे दोरी' या एकाच नावाने पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर आणि कापूस असे तिन्ही विकले जातात, म्हणून नावावर विसंबू नये. दोरीचा बारीक तुकडा उलगडून, पेल्यातल्या साबणाच्या पाण्यात बोटांनी पिळून आतली सगळी हवा काढावी आणि सोडून द्यावा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन. तळाशी गेला तर दुसरे काही आहे. पण हेही पाहावे, की एक घन सेंटिमीटर पॉलिप्रॉपिलीन स्वतःच्या वजनाखेरीज ०.०९ ग्रॅमच उचलू शकते. म्हणजे आपण म्हणता त्याप्रमाणे सारा भार हवाच पेलते.

राहून गेलेली गोष्ट अशी. कारखान्यात कृत्रिम सुतावर कताईच्या वेळी एक लेप देतात. सूत यंत्रावर घासले जाऊ नये आणि त्यात स्थिर वीज साठू नये, यासाठी तो असतो, आणि त्यात पाण्यात मिसळणारी द्रव्ये असतात. पॉलिप्रॉपिलीन स्वतः पाणी शोषतच नाही, पण हा लेप तंतूंवर असेपर्यंत पाणी त्यांच्यामध्ये सहज पसरते आणि हवेला हुसकून लावते. म्हणून नवे सूत विंचरण्याआधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवावे आणि नंतर चार-पाच वेळा स्वच्छ पाण्यात खळबळून काढावे, कारण साबण राहिला तर तोही तेच करील. कपड्यांचे सॉफ्टनर कधीही वापरू नये. पूर्ण वाळल्यावरच फ्लोटंट लावावा. लोकरीला मात्र हा उपाय करू नये. साबणाने तिचे मेणच निघून जाईल.

वाळवण्यासाठी ऊब द्यायची असेल तर हलकी द्यावी. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी आकसून कडक होते. तसेच ते उन्हात ठिसूळ होते, म्हणून डबी अपारदर्शक असावी. चमकदार रंगांचे सूत उन्हाने फिकेही लवकर पडते.

---

दक्षिणवारा

मागवाला यांच्या प्रतिसादाने माझ्या एका जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. काही वर्षांपूर्वी मी पॉलिप्रॉपिलीन वापरून पाहिले होते आणि अर्ध्या तासात ते बसले, म्हणून ते निरुपयोगी ठरवून लोकरीकडे परतलो होतो. मी ते धुतले नव्हते. लोकरीवरची माझी निष्ठा कायम आहे, पण माझा आक्षेप मागे घेतो.

---

प्लॅटकाठ

मीही आजवर सूत न धुताच वापरत होतो आणि सगळा भार फ्लोटंटवर टाकत होतो. काल संध्याकाळी एकाच गुंडीतून सारख्या जाडीचे दोन पुंजके केले, एक धुऊन आणि एक तसाच. फ्लोटंट कोणालाच लावला नाही. दोघांना टिपेटच्या, म्हणजे लीडरच्या टोकाच्या सर्वांत बारीक दोऱ्याच्या, तुकड्याने ६ क्रमांकाचा एकेक छर्रा बांधून पाण्याच्या दोन पेल्यांत सोडले आणि दर पाच मिनिटांनी चमच्याने पाणी ढवळले. न धुतलेला पुंजका चौथ्या ढवळण्यानंतर छर्ऱ्यासह तळाशी गेला. धुतलेला रात्री झोपेपर्यंत वर होता आणि आज सकाळी सहा वाजताही वरच होता, फक्त त्याची एक बाजू किंचित बसली होती. मूळ लेखातील कृतीत, पीळ उलगडण्याच्या आणि विंचरण्याच्या मधे, सूत धुण्याची पायरी घालून घ्यावी. शनिवारी डेकर्सला हाच पुंजका, फ्लोटंट न लावता, दिवसभर वापरून पाहणार आहे आणि तो किती वेळा टिपावा लागला ते येथे नोंदवीन.